मोटारसायकलमधील पेट्रोल गळती आणि कंपनीची रिकॉल दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीतून पेट्रोल गळत असल्याचे लक्षात आल्यावर सर्वप्रथम काय करावे?

चावी बंद करावी आणि ‘एकदा सुरू करून बघू, कुठून येतंय ते’ हा मोह टाळावा. कार्बोरेटरच्या गाडीत टाकीखालचा कॉक बंद करावा. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल इंजिनात फवारणाऱ्या गाडीत बहुधा असा कॉक नसतो. तेथे चावी बंद केल्यावर पंप थांबतो, एवढेच आपल्या हाती असते. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हाताने ढकलत मोकळ्या हवेत, शक्यतो सावलीत आणि इतर वाहनांपासून दूर उभी करावी. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये गळती झाली असेल तर हे काम अधिक निकडीचे ठरते, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर निघून न जाता फरशीलगत पसरते, उताराच्या दिशेने सरकते आणि गटारात किंवा लिफ्टच्या खड्ड्यात साचून राहते. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली, तरी ती पेट घेण्यास पुरेशी असते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे ‘हवा थंड आहे, काही होत नाही’ या म्हणण्याला अर्थ नाही.

सांडलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी दूर जाते. कोरडी माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे. आग लागलीच तर सुक्या रासायनिक भुकटीचे एबीसी प्रकारचे अग्निशामक उपकरण वापरावे. ते जवळ नसेल तर बाजूला होऊन १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. पेट्रोलने भिजलेले कपडे तत्काळ बदलावेत आणि ते स्वयंपाकघराजवळ वाळत घालू नयेत.

गळते आहे ते पेट्रोलच, हे कसे ओळखावे?

वास हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. त्याखेरीज गार झालेल्या गाडीखाली जाड पुठ्ठा ठेवावा. इंजिन ऑइलचा डाग तेलकट राहतो, कूलंटचा डाग रंगीत आणि किंचित चिकट असतो, तर पेट्रोल पुठ्ठ्यावरून थोड्या वेळात उडून जाते आणि मागे जवळपास काहीच उरत नाही. याच कारणामुळे सकाळी फरशी कोरडी दिसते आणि मालकाला ‘वास येतो, पण गळती सापडत नाही’ असे वाटते. जुनी, सावकाश चाललेली गळती मात्र खूण ठेवते. कार्बोरेटरच्या तळाशी, इंजिनच्या पात्यांवर किंवा टाकीच्या खालच्या शिवणीजवळ पिवळट तपकिरी, वार्निशसारखा थर दिसतो. काही वेळा याच्या उलट चित्र असते, म्हणजे सगळे इंजिन धुळीने माखलेले असते आणि एकाच जागी धुऊन काढल्यासारखा स्वच्छ ओघळ दिसतो.

गळती नेमकी कुठून होते?

याचे उत्तर गाडीच्या पिढीवर अवलंबून आहे. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि त्यानंतर आपल्याकडील बहुतेक सर्व मोटारसायकली कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. रस्त्यावर मात्र आजही दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत आणि दोन्हींच्या गळतीचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते, त्यामुळे दाब नगण्य असतो. येथील नेहमीचे दुखणे म्हणजे फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पुरेसे पेट्रोल आले की पुढचा प्रवाह बंद करणारी छोटी झडप. टाकीतील गंज किंवा कचऱ्याचा एखादा कण सुईच्या टोकाशी अडकला की ती बसत नाही, वाटी काठोकाठ भरते आणि जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली ठिबकू लागते. मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच ठोकतात तेव्हा तो कण सुटतो आणि गळती थांबते. पण हा तात्पुरता इलाज आहे, कारण कचरा टाकीत तसाच असतो. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सुई अडकलेली असताना रात्रभर कॉक उघडा राहिला, तर काही गाड्यांत पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तेथून इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. फ्लोटखेरीज वाटीचे गॅसकेट, कॉकचा वॉशर आणि कडक होऊन तडकलेली पेट्रोलची नळी ही इतर ठिकाणे होत.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोलला साधारण अडीच ते तीन बार इतका दाब देतो. या दाबाखाली केसाएवढी चीरसुद्धा ठिबकत नाही, तर बारीक फवारा मारते आणि तो फवारा गरम इंजिनाच्या दिशेने असू शकतो. म्हणून येथे ‘थोडीशीच गळती’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. तपासण्याच्या जागा अशा : टाकीच्या तळाशी पंप ज्या तबकडीवर बसवलेला असतो, ती तबकडी आणि तिची ओ-रिंग, पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीचे दोन्ही टोकांचे क्लिक होणारे जोड, इंजेक्टरची ओ-रिंग, आणि टाकीच्या झाकणाचे सील.

गळती केव्हा होते हेही पाहावे. गाडी उभी असतानाच टाकीखाली ओल येत असेल, तर संशय पंपाच्या तबकडीवर किंवा टाकीच्या शिवणीवर जातो. चावी फिरवल्यानंतर पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते. त्याच वेळी वास वाढत असेल तर दोष पंपाच्या पुढच्या नळीत किंवा जोडात असण्याची शक्यता अधिक. हे निरीक्षण ओझरते झाले असेल तर मेकॅनिकला जरूर सांगावे, परंतु त्यासाठी मुद्दाम चावी फिरवत बसू नये.

टाकी पूर्ण भरल्यावर उन्हात पेट्रोल बाहेर येते. हा दोष म्हणावा का?

बहुधा नाही. टाकीच्या तोंडाशी आत जी कडी किंवा पट्टी दिसते, तिच्या वर पेट्रोल भरू नये, असे जवळपास प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पेट्रोल तापले की प्रसरण पावते आणि वर जागा नसेल तर ते झाकणाभोवतीच्या खाचेतील निचरा नळीतून इंजिनाखाली येते. नव्या गाड्यांत वाफ शोषणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर असतो. ‘काठोकाठ भर’ या सवयीने त्यात द्रवरूप पेट्रोल शिरले की तो निकामी होतो आणि पुढे गाडी अडखळू लागते. मात्र टाकी अर्धी असताना, ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर गाडी कलल्यावर झाकणाजवळ ओल दिसत असेल, तर ते सीलचे काम आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या फटीतून पेट्रोल बाहेर येते, त्याच फटीतून पावसाळ्यात पाणी आत जाते.

गळती असताना गाडी चालवत सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यावी का?

नाही. कंपनीची रस्त्यावरील मदत योजना असेल तर ती वापरावी, नसेल तर टेम्पोत घालून न्यावी. ‘जवळच तर आहे’ या कारणाने लोक निघतात, आणि नेमके तेव्हाच इंजिन व सायलेन्सर तापलेले असतात, गळती दाबाखाली असते आणि सिग्नलला थांबल्यावर वाफ विरून जाण्यासाठी वाराही नसतो. मागच्या टायरवर पेट्रोल सांडले तर गाडी घसरण्याचा धोका वेगळाच.

साबण, एम-सील किंवा वेल्डिंगने टाकीची गळती थांबवता येते का?

टाकीच्या बारीक छिद्रावर अंगाचा साबण घासून ते बुजवणे हा आपल्याकडील जुना उपाय आहे आणि मैलभर ओसाड रस्त्यावर अडकलेल्या माणसाने तो केला तर त्याला दोष देता येत नाही. पेट्रोलमध्ये साबण लवकर विरघळत नाही, म्हणून तो काही काळ टिकतो, इतकेच. एम-सील ओल्या पत्र्यावर नीट धरत नाही आणि आतून चाललेला गंज त्यामुळे थांबत नाही. किनारपट्टीवर, जेथे दमट खारी हवा असते, तेथे छिद्र दिसते त्या जागेभोवतीचा पत्राही आतून कुरतडलेला असण्याची शक्यता धरून चालावे.

वेल्डिंगविषयी मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोल नसले तरी वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. टाकी धुऊन, वाफ पूर्ण काढून हे काम करणारे कारागीर आहेत, परंतु कोपऱ्यावरच्या ग्रिलच्या दुकानात ‘पाणी फिरवून घेतलंय’ एवढ्या भरवशावर टाकी देऊ नये.

या सर्व जुगाडांना आणखी एक आक्षेप आहे आणि तो या पानाच्या पुढील भागाशी थेट संबंधित आहे. गाडी सात वर्षांच्या आतील असेल आणि गळती निर्मितीतील दोषामुळे होत असेल, तर असा इलाज पुरावाच पुसून टाकतो. कुठेही नोंद न झालेली गळती कंपनीच्या आणि सरकारच्या लेखी झालेलीच नसते.

टाकीतील पेट्रोल काढून कशात ठेवावे?

पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू नये. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, परंतु ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ धातूचा कॅन, असाच घ्यावा.

रिकॉल म्हणजे नेमके काय? तो वॉरंटीपेक्षा वेगळा कसा?

वॉरंटी हा आपल्या एका गाडीपुरता, ठरावीक मुदतीचा आणि अटींचा करार असतो. रिकॉल हा विशिष्ट काळात तयार झालेल्या किंवा विशिष्ट भाग बसवलेल्या सर्व गाड्यांसाठी असतो, कारण दोष आपल्या वापरात नसून रचनेत, सुट्या भागात किंवा जोडणीत असतो. त्यामुळे रिकॉलमधील दुरुस्ती विनामूल्य होते, आणि वॉरंटी संपलेली आहे किंवा सर्व्हिसिंग बाहेर केलेले आहे, या कारणाने ती नाकारणे योग्य नाही. ‘गाडी परत बोलावली’ अशा बातम्यांमुळे अनेकांना गाडी कंपनी ठेवून घेईल असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो भाग तपासून किंवा बदलून गाडी त्याच दिवशी परत मिळते.

पेट्रोल गळतीमुळे रिकॉल झाल्याचे उदाहरण आहे का?

अलीकडचे आणि महाराष्ट्राशी थेट नाते असलेले उदाहरण केटीएमचे आहे. २०२५ मध्ये कंपनीने १२५, २५०, ३९० आणि ९९० ड्यूक या गाड्यांच्या २०२४ च्या मॉडेलसाठी जागतिक पातळीवर रिकॉल जाहीर केला. टाकीच्या झाकणाच्या सीलला तडे जाऊन पेट्रोल गळण्याची शक्यता, हे त्याचे कारण होते आणि सील विनामूल्य बदलून देणे हा उपाय. यांतील लहान ड्यूक पुण्याजवळच्या चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होतात. हाताच्या पंजात मावेल असे एक रबरी सील आणि त्यासाठी निरनिराळ्या देशांतील मालकांना निरोप, हे प्रमाण अनेकांना विचित्र वाटते. पण टाकीचे झाकण चालकाच्या मांड्यांच्या मध्ये आणि इंजिनाच्या वर असते, हे ध्यानात घेतले की ते विचित्र वाटत नाही.

दुसरे उदाहरण थोडे जुने आहे. बीएमडब्ल्यूच्या २००५ नंतरच्या काही मॉडेलवर्षांतील के आणि आर मालिकेच्या गाड्यांत पेट्रोल पंपाच्या प्लॅस्टिकच्या तबकडीला चिरा पडत असल्याचे आढळले. तेथे चीर नसलेल्या तबकडीवर मजबुतीसाठी धातूची कडी बसवण्यात आली आणि चीर असलेली तबकडी बदलण्यात आली. रिकॉलमध्ये प्रत्येकाला नवा भाग मिळतोच असे नाही, हे यावरून समजावे. तपासणी करून ‘ठीक आहे’ असा शेरा मिळणे हीसुद्धा रिकॉलची वैध पूर्तता असते, फक्त तो शेरा लेखी असला पाहिजे.

भारतात दुचाकींचे सर्वांत गाजलेले रिकॉल मात्र पेट्रोलचे नव्हेत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी भारतासह काही देशांतील २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या.

माझी गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे कसे समजेल?

चॅसिस क्रमांकावरून, नोंदणी क्रमांकावरून नव्हे. हा १७ चिन्हांचा क्रमांक आरसीवर असतो आणि मोटारसायकलमध्ये बहुधा हँडलखालच्या नळीच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो. चिखल पुसून, हँडल पूर्ण डावीकडे वळवून पाहिल्यास तो दिसतो. त्याची पहिली तीन चिन्हे निर्मात्याची असतात, जसे बजाजसाठी एमडी२, हीरोसाठी एमबीएल, रॉयल एनफिल्डसाठी एमई३. या क्रमांकात ओ, आय आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती शून्य आणि एक या अंकांसारखी दिसतात. तेव्हा वाचताना गोलाकार चिन्ह दिसले तर ते शून्यच समजावे.

हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉल किंवा सर्व्हिस विभागात टाकून पाहता येतो. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या संकेतस्थळावर स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची यादी असते. तेवढ्यावर समाधान न मानता अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस क्रमांक ई-मेलने पाठवून ‘या क्रमांकावर कोणतीही रिकॉल किंवा सर्व्हिस मोहीम प्रलंबित आहे का’ असा प्रश्न विचारावा, कारण फोनवर मिळालेल्या ‘नाही हो साहेब’ला पुढे काही किंमत राहत नाही. ‘सर्व्हिस मोहीम’ हा शब्द मुद्दाम वापरावा. काही सुधारणा कंपन्या जाहीर रिकॉल न करता सर्व्हिसिंगच्या वेळी गुपचूप करून टाकतात आणि आपण विचारल्याशिवाय त्यांचा उल्लेख होत नाही.

गाडी सेकंड हँड आहे. तरीही रिकॉलचा लाभ मिळेल का?

मिळेल, कारण रिकॉल गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, मालकाच्या नावाशी नव्हे. अडचण निरोपाची असते. कंपनीचे पत्र किंवा एसएमएस पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातो आणि तो बहुधा ते पुढे पाठवत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना आरसी आपल्या नावावर करून घ्यावी आणि त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरमध्ये आपला मोबाइल क्रमांक नोंदवावा. गाडी दुसऱ्या शहरातून किंवा राज्यातून घेतलेली असली तरी काम त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात व्हायला हवे. परदेशातील मराठी मंडळींसाठी थोडक्यात : अमेरिकेत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर चॅसिस क्रमांकावरून, तर ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकावरूनही रिकॉल तपासता येतो.

कायदा कंपनीवर कोणती जबाबदारी टाकतो?

जुलै २०१२ पासून भारतात सियामच्या आचारसंहितेनुसार स्वेच्छेने रिकॉल होत असत, सक्ती नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ आले. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोहोचू शकत असेल आणि तो दोष ठरावीक प्रमाणात मालकांनी, चाचणी संस्थेने किंवा अन्य मार्गाने सरकारच्या निदर्शनास आणला असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला रिकॉलचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग असलेली सर्व वाहने त्यात येतात. अशा वेळी उत्पादकाने वाहनाची पूर्ण किंमत परत करावी, किंवा तसेच अथवा त्याहून चांगले वाहन द्यावे, किंवा दुरुस्ती करावी, असे हे कलम सांगते. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर त्याला या कलमाखालील दंड होत नाही. कंपन्या ‘स्वेच्छेने’ पुढे येतात त्यामागे ही व्यावहारिक बाजूही आहे.

याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू होतात आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये वाहनाचा प्रकार आणि संख्या पाहून १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आकारता येतो. मालकांच्या तक्रारींची संख्या गाड्यांच्या विक्रीच्या प्रमाणात मोजली जाते. येथेच ‘साबण लावून भागवले’ या सवयीचा खरा तोटा दिसतो, कारण ज्यांनी गळती नोंदवलीच नाही, ते या मोजणीत येत नाहीत. चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ज्या संस्था नेमल्या आहेत, त्यांपैकी पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरमधील व्हीआरडीई या आपल्याच राज्यात आहेत.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर कोणती काळजी घ्यावी?

जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. सल्लागार सहसा ‘जनरल चेकअप’ किंवा ‘पेट्रोल स्मेल’ असे दोन शब्द टाइप करतो. त्याऐवजी ‘टाकीच्या तळाशी पंपाच्या जोडातून गाडी उभी असताना पेट्रोल ठिबकते’ असे जागा आणि वेळ सांगणारे वाक्य हवे. तारीख, किलोमीटर आणि चॅसिस क्रमांक बरोबर आहेत ना, ते तेथेच उभे राहून पाहावे. गाडी नेण्यापूर्वी ओल्या जागेचे फोटो आणि शक्य असल्यास सुरक्षित अंतरावरून छोटा व्हिडिओ घ्यावा. पेट्रोल उडून गेल्यावर दाखवायला काही उरत नाही आणि ‘आम्हाला गळती दिसली नाही’ असा शेरा मारून गाडी परत मिळते. काढलेला जुना भाग पाहण्यास मागावा. रिकॉलच्या कामात कंपनी तो तपासणीसाठी परत मागवू शकते, तेव्हा तो ताब्यात मिळेलच असे नाही, परंतु फोटो काढता येतो.

बिल शून्य रुपयांचे असले तरी घ्यावे. त्यावर रिकॉलचा किंवा मोहिमेचा क्रमांक आणि बदललेल्या भागाचे नाव असावे.

‘असे सगळ्याच गाड्यांना होते’ असे सर्व्हिस सेंटर सांगते. मग काय करावे?

हे वाक्य लेखी मागावे. सगळ्याच गाड्यांना होत असेल तर तो दोष एका गाडीचा नसून त्या मॉडेलचा आहे, म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेलाच प्रकार झाला. सौम्य शब्दांत पण ई-मेलने, कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला प्रत ठेवून, गळतीची जागा, जॉब कार्ड क्रमांक आणि मिळालेले उत्तर कळवावे. अनेकदा काउंटरवरचा माणूस चुकीच्या हेतूने बोलत नसतो. त्याच्यापर्यंत कंपनीचे परिपत्रक पोहोचलेले नसते. लेखी पत्र वर गेले की परिपत्रक खाली येते.

रिकॉलचा सुटा भाग उपलब्ध नसल्याचे सांगितले, तर तोपर्यंत गाडी वापरावी का?

दोष पेट्रोलचा असेल तर प्रत्यक्ष गळती होणारी गाडी वापरू नये. गळती दिसत नसेल आणि केवळ क्रमांक यादीत असेल, तर कंपनीने काय सूचना दिली आहे ते लेखी विचारावे. भाग केव्हा येणार याची अंदाजे तारीख जॉब कार्डवर मागावी आणि पर्यायी गाडीची किंवा गाडी सुरक्षित ठेवण्याची सोय विचारावी. विचारणाऱ्याला कधीकधी ती मिळते, न विचारणाऱ्याला कधीच मिळत नाही.

रिकॉल जाहीर होण्यापूर्वी पैसे भरून तीच दुरुस्ती केली. ते परत मिळतील का?

अमेरिकेत अशा भरपाईची तरतूद नियमांतच आहे. आपल्याकडे ते बहुधा कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहते, पण मागणी करण्यास काहीच हरकत नाही. बिलावर चॅसिस क्रमांक, भागाचे नाव आणि तारीख असेल तर मागणीला बळ येते; ‘पेट्रोल काम, रु. ८५०’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर कोणी पैसे परत करणार नाही.

रिकॉल जाहीर झालेला नाही, पण दोष स्पष्ट आहे. तक्रार कोठे करावी?

परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर रिकॉलसाठी स्वतंत्र तक्रार पोर्टल आहे. तेथे वाहनाचा तपशील देऊन दोष नोंदवता येतो. आपल्या वैयक्तिक नुकसानीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे प्रश्न सुटला नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ती ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ करत ती संपू देऊ नये. याच कायद्यात उत्पादन-दायित्वाचे वेगळे प्रकरण असून सदोष वस्तूमुळे इजा किंवा मालमत्तेची हानी झाल्यास उत्पादकाकडून भरपाई मागता येते.

ई-२० पेट्रोलमुळे गळती होते का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतील नळ्या, सील आणि पंप २० टक्के इथेनॉल सहन करतील असे असणे अपेक्षित आहे. त्याआधीच्या गाड्यांबाबत पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर रबरी भाग व गॅसकेट बदलण्याची गरज पडू शकते, असे म्हटले होते. पंधरा वर्षांच्या गाडीची नळी दाबून पाहिली आणि ती मऊ न लागता कडकडीत लागली किंवा वाकवल्यावर बारीक तडे दिसले, तर कारण इथेनॉल की वय, या वादात न पडता ती बदलावी. इंजेक्शनच्या गाडीत दुकानातील साधी पारदर्शक नळी कधीही बसवू नये. त्या दाबासाठी बनवलेली, शक्यतो कंपनीचीच नळी घ्यावी. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी उतरतात. पंप पेट्रोल तळातूनच ओढतो आणि पत्र्याच्या टाकीला गंजही तेथूनच लागतो. म्हणून पावसाळ्यात झाकणाचे सील आणि खाचेतील निचऱ्याचे भोक स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे.

गळतीमुळे आग लागली तर विमा मिळतो का?

स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेल्या पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणे यांचा समावेश असतो. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत नसतो. गळतीची दुरुस्ती हा यांत्रिक बिघाड असल्याने तिचा खर्च मिळत नाही. जळालेली गाडी सर्वेक्षक येईपर्यंत हलवू नये आणि अग्निशमन दलाचा अहवाल घ्यावा. विम्याचे पैसे मिळाले तरी रिकॉल पोर्टलवर नोंद करावी.

दुरुस्तीनंतर काय तपासावे?

गाडी ताब्यात घेताना टाकी किमान अर्धी भरलेली असावी, नाहीतर वरच्या जोडांची परीक्षाच होत नाही. सर्व्हिस सेंटरच्या आवारातच इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटे चालू द्यावे, टाकीखाली टिश्यू कागद फिरवून पाहावा, मग बंद करून गार झाल्यावर पुन्हा एकदा पाहावे. टाकी काढून बसवलेली असल्याने वाफेची आणि निचऱ्याची नळी दबलेली किंवा सुटलेली नाही ना, ते विचारावे. झाकण उघडताना जोराचा ‘फुस्स’ आवाज येणे हे ती नळी दबल्याचे लक्षण असू शकते. पहिल्या रात्री गाडी तळघरात न ठेवता उघड्यावर ठेवावी. बिल आणि जॉब कार्ड आरसीसोबत ठेवावे आणि गाडी विकताना ते नव्या मालकाच्या हाती द्यावे. त्याच्या नावाने कंपनीचे पत्र येणार नाही.